विश्लेषण : राणीच्या बागेतले पेंग्विनचे कुटुंब वाढले, पुढच्या पिढीचे काय?

नाशिक रोडहून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडायची, दादरला उतरून लोकलने भायखळा गाठायचे आणि दुपारच्या आत राणीच्या बागेत पेंग्विनच्या काचेसमोर उभे राहायचे. शाळांना सुट्टी लागली की नाशिकमधील अनेक घरांत हा बेत ठरतो. काचेपलीकडे दिसणारे पक्षी मात्र आता पूर्वीचे सातच राहिलेले नाहीत. पिल्ले झाली, ती मोठी झाली आणि हे कुटुंब विशीच्या घरात पोहोचले आहे. परदेशातून आणलेल्या प्राण्याला आपल्याकडे पिल्लू झाले की पेढे वाटण्याजोगी बातमी होते. पण ती पिल्ले पुढे कुठे राहणार, कोणाशी जोडी जमवणार आणि त्यांच्या जन्माने जंगलातल्या भाऊबंदांना काय मिळणार, हे प्रश्न गर्दीत मागे पडतात.

हे पेंग्विन मुंबईत आले कसे?

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालयात २६ जुलै २०१६ रोजी दक्षिण कोरियातील सोलच्या कोएक्स मत्स्यालयातून आठ हम्बोल्ट पेंग्विन दाखल झाले. तीन नर आणि पाच माद्या. सुरुवातीचे काही महिने त्यांना विलगीकरण कक्षात ठेवण्यात आले. त्याच काळात, २३ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘डोरी’ ही मादी जिवाणू संसर्गाने दगावली. त्यावरून मोठे राजकीय वादळ उठले. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानेही महापालिकेकडे खुलासा मागितला. मार्च २०१७ मध्ये उरलेले सात पक्षी मुख्य कक्षात आले आणि लोकांसाठी दालन खुले झाले.

कुटुंबात कोण कोण आहे?

मूळच्या सात जणांत डोनाल्ड, पॉपाय आणि मोल्ट हे नर, तर डेझी, ऑलिव्ह, फ्लिपर आणि बबल या माद्या. डोनाल्ड-डेझी, पॉपाय-ऑलिव्ह आणि मोल्ट-फ्लिपर अशा तीन जोड्या जमल्या. नर तीन आणि माद्या चार, त्यामुळे बबल एकटी राहिली.

हम्बोल्ट पेंग्विन बहुधा एकाच जोडीदाराबरोबर वर्षानुवर्षे राहतात. नर-मादी दिसायला सारखेच असतात. पाहून फरक सांगता येत नाही, म्हणून पिल्लू नर की मादी हे कळण्यासाठी डीएनए चाचणी करावी लागते. प्रौढ पक्ष्याच्या छातीवर घोड्याच्या नालासारखा काळा पट्टा असतो. ज्याच्या छातीवर तो नाही आणि अंगाचा रंग राखाडी आहे, तो पक्षी अजून वयात आलेला नाही, इतके काचेबाहेरूनही ओळखता येते.

आणखी एक गोष्ट प्रेक्षकांना गोंधळात टाकते. वर्षातून एकदा पेंग्विन आपली सगळी पिसे एकदम बदलतो. हे दोन-तीन आठवडे त्याचे अंग पाण्यात टिकाव धरणारे नसते. तो पाण्यात उतरत नाही, खात नाही, विस्कटलेल्या अवताराने कोपऱ्यात उभा राहतो. ‘हा आजारी आहे का,’ असे पाहणारे विचारतात. तो आजारी नसतो. पिसे बदलण्याच्या या क्रियेला इंग्रजीत ‘मोल्ट’ म्हणतात, आणि राणीच्या बागेतल्या एका नराचे नावच ते आहे.

पहिले पिल्लू का वाचले नाही?

फ्लिपरने ५ जुलै २०१८ रोजी अंडे घातले. मोल्ट आणि फ्लिपर यांनी पाळी लावून ते उबवले. हम्बोल्ट पेंग्विनचे अंडे उबवायला साधारण चाळीस ते बेचाळीस दिवस लागतात. हे पिल्लू एकेचाळिसाव्या दिवशी, म्हणजे नेमके १५ ऑगस्टला बाहेर आले. भारतात जन्मलेले पहिले पेंग्विन आणि तेही स्वातंत्र्यदिनी, म्हणून त्याचे मोठे कौतुक झाले. आठवडाभरातच, २२ ऑगस्टच्या रात्री ते दगावले. पिल्लू अंड्यात असताना ज्या बलकावर पोसले जाते, तो जन्मानंतर शरीरात पूर्णपणे शोषला गेला नव्हता आणि यकृताचे कामही बिघडले होते, असे शवविच्छेदनातून समोर आले.

पहिल्यांदाच आई-बाप झालेल्या पक्ष्यांची पहिली पिल्ले अनेकदा जगत नाहीत, हा जगभरच्या प्राणिसंग्रहालयांचा अनुभव आहे. मुंबईच्या पथकाला पुढच्या यशासाठी जवळपास तीन वर्षे वाट पाहावी लागली. १ मे २०२१ रोजी, महाराष्ट्र दिनी, ‘ओरिओ’चा जन्म झाला. त्याच वर्षी १९ ऑगस्टला ‘ऑस्कर’ आला. त्यानंतर पिल्ले होत राहिली आणि २०२५ मध्ये आणखी तिघांची भर पडली.

पेंग्विनला बर्फ लागतो का?

हम्बोल्ट पेंग्विनला लागत नाही. हा पक्षी अंटार्क्टिकातला नाही. त्याचे घर दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पेरू आणि चिली या देशांत आहे. तो किनारा जवळपास वाळवंटी आहे. पाऊस नगण्य, वर ऊन, पण समोरच्या समुद्रात दक्षिणेकडून येणारा थंड पाण्याचा हम्बोल्ट प्रवाह. त्या प्रवाहावरूनच या पक्ष्याचे नाव पडले. थंड पाण्यात लहान माशांचे थवे मुबलक असतात आणि त्यांवर हे पक्षी जगतात. उंची सव्वादोन फुटांच्या आसपास आणि वजन चार-पाच किलो.

मग मुंबईत वातानुकूलित कक्ष कशासाठी? एक कारण दमट उकाडा. कक्षातले तापमान साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअस ठेवले जाते. दुसरे कारण डास. कोरड्या किनाऱ्यावर वाढलेल्या या पक्ष्यांना डासांतून पसरणारा पक्ष्यांचा मलेरिया फार लवकर जडतो. दमट हवेतल्या बुरशीमुळे होणारा फुप्फुसाचा आजारही त्यांना धोक्याचा असतो. त्यामुळे गाळलेली हवा, गाळलेले पाणी आणि बंद दालन या गोष्टी चैनीच्या नसून त्यांच्या जगण्याच्या अटी आहेत. वीज काही तास गेली तरी पर्यायी व्यवस्था चालू राहावी लागते. जितके पक्षी वाढतील, तितकी ही यंत्रणाही वाढवावी लागते.

पांडा का आणले नाहीत?

हा प्रश्न समाजमाध्यमांवर अधूनमधून विचारला जातो. जायंट पांडा विकत मिळत नाही. तो जंगलात फक्त चीनमध्ये, सिचुआन, शान्शी आणि गान्सू या प्रांतांतील डोंगराळ भागात आढळतो. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या चीन भेटीनंतर लिंग-लिंग आणि शिंग-शिंग ही जोडी वॉशिंग्टनला भेट म्हणून गेली. १९८४ नंतर चीनने भेट देणे थांबवले आणि पांडा भाड्याने देण्याची पद्धत सुरू केली.

ठरलेला करार साधारण दहा वर्षांचा. एका जोडीसाठी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत, म्हणजे आठ कोटी रुपयांहून अधिक. त्यात राहण्याचा, बांबूचा, डॉक्टरांचा खर्च धरलेला नाही. एक पांडा दिवसाला बारा किलोपासून तीस-पस्तीस किलोपर्यंत बांबू फस्त करतो. सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे पिल्लू कुठेही जन्मले तरी ते चीनचेच. टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयात जून २०१७ मध्ये जन्मलेली शियांग शियांग ही मादी तिथल्या लोकांची लाडकी झाली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिला चीनला पाठवावे लागले, तेव्हा निरोप द्यायला आलेल्या अनेकांना रडू आवरले नाही. वॉशिंग्टनमधील मेई शियांग, तियान तियान आणि त्यांचे पिल्लू असे सबंध कुटुंब नोव्हेंबर २०२३ मध्ये परत गेले. पुढल्या वर्षी तिथे नवी जोडी आली.

राणीच्या बागेतल्या पेंग्विनचे तसे नाही. ते कायमचे इथले आहेत आणि त्यांची पिल्लेही इथलीच. वरवर पाहता हा व्यवहार फायद्याचा वाटतो. पण मालकी आली की जबाबदारीही येते. पांडाचे पिल्लू मोठे झाले की पुढचे नियोजन चीनमधले तज्ज्ञ पाहतात. जगभरच्या बंदिस्त पांडांची वंशावळ एका नोंदवहीत असते आणि कोणाची जोडी कोणाशी लावायची हे तीवरून ठरते. मुंबईच्या पिल्लांचे पुढचे नियोजन मुंबईलाच करायचे आहे.

मग संख्या वाढण्यात अडचण कुठे आहे?

नात्यांत आहे. आज बागेत दिसणारी सगळी पिल्ले फार तर तीन जोड्यांची वा त्यांच्या वंशाची. एकाच आई-बापाची पिल्ले ही सख्खी भावंडे, त्यांची जोडी नको. दुसऱ्या जोडीच्या पिल्लाशी जमवली तर एक पिढी निभावते. त्यांची पुढची पिढी मात्र एकमेकांची चुलत, आते, मामे, मावस अशा नात्यांत अडकते. आपल्याकडे जुनी माणसे सोयरीक जुळवताना गोत्र पाहत. पेंग्विनच्या घरातही तीच पाहणी लागते, फरक इतकाच की इथे बाहेरचे स्थळच उपलब्ध नाही.

जवळच्या नात्यांत सतत प्रजनन झाले की अंडी फळत नाहीत, पिल्ले अशक्त निपजतात, रोगाला लवकर बळी पडतात. त्यावर उपाय तीन. दुसऱ्या प्राणिसंग्रहालयांशी पक्ष्यांची अदलाबदल करून नवे रक्त आणणे, नको त्या जोडीची अंडी उबवू न देणे, किंवा पक्षी वेगळे ठेवणे. देशात प्राण्यांची देवाणघेवाण केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या परवानगीनेच होते. परदेशातून पक्षी आणायचा तर आंतरराष्ट्रीय परवानेही लागतात, कारण हम्बोल्ट पेंग्विन वन्यजीव व्यापारावरील जागतिक कराराच्या सर्वांत कडक यादीत, म्हणजे पहिल्या परिशिष्टात आहे.

वेळेचाही प्रश्न आहे. जंगलात हा पक्षी पंधरा-वीस वर्षे जगतो, बंदिवासात तीस वर्षांपर्यंतही. म्हणजे ओरिओ आणि ऑस्कर २०४५ नंतरही काचेपलीकडे असू शकतात. आज जन्मलेल्या प्रत्येक पिल्लासोबत दोन-तीन दशकांची जागा, मासळी, वीज आणि देखभाल यांचे देणे जन्माला येते.

खर्च किती आणि उत्पन्न किती?

पेंग्विन कक्षासह या प्रकल्पावर सुमारे ४५ कोटी रुपये खर्च झाल्याचे सांगितले जाते. २०२१ मध्ये तीन वर्षांच्या देखभालीसाठी सुमारे १५ कोटींची निविदा निघाली, तेव्हा विरोधकांनी टीकेची झोड उठवली. हिशेब केला तर तो वर्षाला पाच कोटी आणि दिवसाला सुमारे १ लाख ३७ हजार रुपये होतो. त्यात वातानुकूलन, पाणी शुद्धीकरण, मासळी, पशुवैद्यक आणि कर्मचारी असे सगळे आले.

पेंग्विनमुळे बागेचे उत्पन्न वाढले, असे सत्ताधाऱ्यांचे उत्तर होते. ते खरे आहे, पण अर्धेच. ऑगस्ट २०१७ पासून प्रौढांचे तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपये झाले. आई-वडील आणि दोन मुले अशा कुटुंबाला १०० रुपये. तिकीट दहापट झाल्यावर उत्पन्न वाढणारच. गर्दीही वाढली हे नाकारता येत नाही. मात्र ती कमाई केवळ पेंग्विनची मानायची तर वाघ, पाणघोडा, हत्ती पाहायला आलेल्यांना कुठे मोजायचे, याचे उत्तर कोणत्याच बाजूने मिळत नाही.

ही पिल्ले पेरूला नेऊन सोडता येतील का?

नाही. वातानुकूलित दालनात काळजीवाहकाच्या हातून मेलेली मासळी खाऊन वाढलेल्या पक्ष्याला खुल्या समुद्रात थव्याचा पाठलाग करता येत नाही. दुसऱ्या खंडातले जंतू तो आपल्या बांधवांपर्यंत नेऊ शकतो. मुख्य म्हणजे तिथली अडचण पिल्ले कमी जन्मण्याची नाही.

पेरू-चिलीच्या किनाऱ्यावर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे शेकडो वर्षांत साचलेले जाड थर होते. त्यांतच बिळे करून हे पेंग्विन अंडी घालत. एकोणिसाव्या शतकात हे थर खत म्हणून खणून जहाजांनी जगभर विकले गेले आणि पक्ष्यांची घरे गेली. आता ज्या लहान माशांवर ते जगतात, त्यांची मोठ्या प्रमाणावर मासेमारी होते. जाळ्यांत अडकून पक्षी मरतात. ‘एल निनो’च्या वर्षी समुद्र तापला की मासे खोल वा दूर जातात आणि घरट्यातली पिल्ले उपाशी मरतात. जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने या पक्ष्याला ‘असुरक्षित’ गटात ठेवले आहे. ही कारणे कायम असताना आणखी पक्षी नेऊन सोडणे म्हणजे तळाला भोक असलेल्या घागरीत पाणी ओतणे.

पिंजऱ्यातून रानात जाणे कुठेच साधत नाही का?

साधते, आणि त्याचे चांगले उदाहरण भारतातच आहे. दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू हिमालयन प्राणिसंग्रहालयात लाल पांडाचे प्रजनन केले जाते. हा प्राणी नावाने पांडा असला तरी चीनच्या जायंट पांडाचा जवळचा नातेवाईक नाही, त्याचे कूळ वेगळे. २००३ मध्ये तिथल्या दोन माद्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आल्या. एकीला शिकारी प्राण्याने मारले, दुसरीने रानात पिल्लू दिले. पुढे २०२२ ते २०२४ या काळात सात माद्या आणि दोन नर असे नऊ लाल पांडा सोडले गेले आणि त्यांतल्या तीन माद्यांनी रानात पाच पिल्लांना जन्म दिला. हे जमले, कारण जन्मस्थान आणि रान शेजारी-शेजारी होते, वंशावळ सांभाळली होती आणि सोडायचे हे पहिल्यापासून ठरलेले होते.

नाशिककरांना या प्रश्नाची दुसरी बाजू आणखी जवळून माहीत आहे. निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याचे बछडे सापडतात. वन विभाग त्यांना उचलून पिंजऱ्यात वाढवत नाही. संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये बछडे ठेवतात, कॅमेरा लावतात, माणसे दूर होतात आणि अंधारात मादी येऊन पिल्ले तोंडात धरून नेते. माणसाच्या हातून वाढलेला बिबट्या पुन्हा रानात सोडता येत नाही, हे ठाऊक असल्याने ही रात्र-रात्र जागण्याची धडपड असते. बिबट्याचे कुटुंब पिंजऱ्याबाहेर राहावे, यातच तिथे यश मोजले जाते.

मग पेंग्विन ठेवण्याचा उपयोग काय?

उपयोग होऊ शकतो, पण तो आपोआप होत नाही. अमेरिकेत पांडाच्या भाड्याचा पैसा चीनमधील पांडाच्या अधिवासासाठी वापरला जावा, अशी तिथल्या सरकारची अट असते. चीनमध्ये २०१५ साली जाहीर झालेल्या गणनेत रानातील पांडांची संख्या १,८६४ निघाली आणि २०१६ मध्ये हा प्राणी ‘धोक्यात’ या गटातून ‘असुरक्षित’ गटात आला. त्यामागे प्राणिसंग्रहालयांतल्या पाळण्यांपेक्षा वाचवलेल्या जंगलाचा वाटा मोठा आहे.

पेंग्विनच्या बाबतीतही वाट आखलेली आहे. पेरूच्या पुंता सान हुआन येथे हम्बोल्ट पेंग्विनची मोठी वसाहत आहे. तिथल्या संवर्धनाला अमेरिकेतील सेंट लुईस आणि शिकागो येथील प्राणिसंग्रहालये मदत करतात. म्हणजे काचेसमोरच्या तिकिटाचा काही भाग खऱ्या किनाऱ्यापर्यंत पोहोचतो. १९९८ च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणानेही आपल्याकडच्या प्राणिसंग्रहालयांचे मुख्य उद्दिष्ट संवर्धनाला हातभार लावणे हेच ठरवले आहे. मुंबईच्या शंभर रुपयांच्या कौटुंबिक तिकिटातले दोन-चार रुपये अशा कामासाठी बाजूला काढणे अवघड नाही.

नावांवरूनही वाद का झाला?

ओरिओ, ऑस्कर यांच्यानंतर २०२५ मधील पिल्लांनाही इंग्रजी वळणाची नावे मिळाली, तेव्हा महाराष्ट्रात जन्मलेल्या पिल्लांना मराठी नावे द्या, अशी राजकीय मागणी झाली. पाळण्यात नाव ठेवण्यावरून चर्चा होणे आपल्याला नवे नाही. पण प्रत्येक पिल्लाच्या नावापुढे त्याचे आई-वडील कोण, त्याची जोडी कोणाशी जमू शकते आणि त्याच्यासाठी पुढची वीस-पंचवीस वर्षे जागा कुठे आहे, हे तीन रकाने भरलेले असणे अधिक गरजेचे आहे. ती माहिती काचेशेजारच्या फलकावर लावली, तर पाहणाऱ्यांनाही कळेल की आपण कोणाचे कुटुंब पाहतो आहोत.

सुट्टीत जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की राणीची बाग बुधवारी बंद असते. काचेवर टकटक करू नये, फ्लॅश मारू नये. आणि छातीवर काळा पट्टा नसलेले राखाडी पिल्लू दिसले, तर मुलांना जरूर सांगावे, की हे मुंबईत जन्मले आहे, त्याचे गाव पेरूच्या किनाऱ्यावर आहे आणि ते गाव त्याने कधी पाहिलेले नाही.